साहेबाचे इंग्रजी : पण कोणत्या साहेबाचे?

आपल्याकडे एखाद्याच्या इंग्रजीची वाखाणणी करायची झाली म्हणजे "काय बोलतो, अगदी साहेबासारखे!" असे म्हणण्याची रीत आहे. साहेब जाऊन पाऊणशे वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी ही मोजपट्टी आपण टाकलेली नाही. मुलाला इंग्रजी शाळेत घालताना बाप ती मनात धरून असतो. नोकरीच्या मुलाखतीत समोर बसलेली मंडळी ती हातात घेऊनच बसलेली असतात. आणि सभेत इंग्रजीत दोन वाक्ये बोलायची वेळ आली की चांगला जाणता कार्यकर्ता तिच्याच धाकाने खाली बसतो. तेव्हा ही मोजपट्टी आहे तरी काय, ती कोणी तयार केली आणि तिच्या मापाला स्वतः इंग्रज तरी उतरतो काय, याची चौकशी करणे अगत्याचे आहे. आम्ही काही भाषापंडित नव्हे. आमचे आयुष्य कामगार संघटनेत गेले. इंग्रजी शिकलो ते करारनामे, नोटिसा आणि कामगार न्यायालयाचे निकाल अक्षर अक्षर लावून. पण ज्याच्या मालाचा भाव दुसरा ठरवतो त्याने आधी वजनमाप तपासून घ्यावे, हा आमच्या कामातला पहिला धडा. तोच येथे लावून पाहू.

प्रथम एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. शब्द आणि व्याकरण ही एक गोष्ट, आणि ते शब्द तोंडातून कसे निघतात ही दुसरी. एकच मराठी वाक्य सोलापूरचा माणूस म्हणेल ते वेगळे, मालवणचा म्हणेल ते वेगळे आणि नागपूरचा म्हणेल ते आणखी वेगळे. याला आपण हेल म्हणतो. पण हेल म्हणजे मुख्यतः सूर. त्याखेरीज स्वर किती लांबवायचा, कोणते व्यंजन गिळायचे, जोर कोठे द्यायचा, हेही त्यात येते. या सर्वांना मिळून आपण येथे 'ढब' म्हणू. ढब नसलेला माणूस अजून जन्माला यायचा आहे. ज्याला ढबच नाही असे आपल्याला वाटते, त्याची ढब तेवढी आपल्या कानाच्या सवयीची असते, इतकेच.

आज जगात सुमारे ३८ ते ४० कोटी लोकांची इंग्रजी ही मातृभाषा आहे. या सर्वांना आपण मनातल्या मनात एकच साहेब समजतो. पण खुद्द इंग्लंडमध्येच पाहा. लंडनकडचा माणूस आंघोळीला 'बाऽथ' म्हणतो, तर उत्तरेकडे यॉर्कशायर-लँकेशायरचा माणूस आखूड स्वरात 'बॅथ' म्हणतो. उत्तरेकडच्या तोंडी 'कप' हा शब्द 'कुप'च्या जवळ जातो आणि 'बस' 'बुस'च्या जवळ. लंडनच्या पूर्वभागातला मजूर, ज्याच्या बोलीला कॉकनी म्हणतात, तो शब्दारंभीचा 'ह' गाळतो, 'थिंक'चे 'फिंक' करतो, आणि 'बॉटल'मधला 'ट' घशातच अडवून टाकतो. लिव्हरपूलच्या बोलीला स्काउस म्हणतात. हे नाव खलाशांच्या एका स्वस्त कालवणावरून आले. १८४५ नंतरच्या दुष्काळात आयर्लंडमधून उपाशी माणसांचे लोंढे त्या बंदरात उतरले आणि त्यांचा सूर त्या शहराच्या बोलण्यात कायमचा मिसळला. न्यूकॅसल-डरहॅमकडे कोळशाच्या खाणीतल्या कामगारांची स्वतःची बोली होती, तिचे नावच खाणीवरून पडलेले : पिटमॅटिक. डरहॅमच्या कोळसापट्ट्यातली शेवटची खोल खाण १९९३ मध्ये बंद झाली. पण खाणकामगारांचा वार्षिक मेळावा तेथे अजून भरतो, आणि ती ढबही नातवंडांच्या तोंडून अजून ऐकू येते.

याखेरीज वेल्सचा माणूस बोलतो तेव्हा वाक्य चढते-उतरते. स्कॉटलंडचा माणूस प्रत्येक 'र' ठणठणीत उच्चारतो. आयरिश माणसाचे 'थ्री' 'ट्री'सारखे ऐकू येते. हे सारे जन्मजात इंग्रजी बोलणारे. यांतला साहेब कोणता?

आता या भाषेने समुद्र ओलांडल्यावर काय झाले ते पाहू. येथे एका 'र'ची कथा सांगण्याजोगी आहे. १६०७ मध्ये व्हर्जिनियात इंग्रजांची वसाहत पडली, त्या काळी इंग्लंडात 'कार्ट', 'वॉटर' अशा शब्दांतला 'र' सर्रास उच्चारला जाई. पुढे अठराव्या शतकात लंडन आणि त्याच्या आसपास स्वरानंतरचा 'र' झिजत गेला. जॉन वॉकर याने १७९१ च्या आपल्या उच्चारकोशात लंडनच्या या मऊ 'र'ची नोंद केली आहे. म्हणजे 'र' गाळणे ही तेव्हाची नवी चाल होती. बॉस्टन, न्यू यॉर्क अशा ज्या अमेरिकन बंदरांचा लंडनशी नित्य व्यवहार होता त्यांनी ती उचलली. उरलेल्या अमेरिकेने जुना 'र' जपला. तेव्हा अमेरिकन माणसाने 'र' उच्चारून इंग्रजी बिघडवली, असे जे म्हटले जाते ते उलटे आहे. या एका बाबतीत जुने सोने अमेरिकेत राहिले आणि नवी घडणावळ लंडनला झाली. तिकडे अमेरिकनांनीही आपल्या पदरचे बदल केलेच : त्यांचे 'बटर' 'बडर'सारखे ऐकू येते.

ऑस्ट्रेलियाची हकीकत आणखी बोलकी आहे. १७८८ मध्ये अकरा जहाजांचा पहिला तांडा तेथे पोचला, आणि १८६८ पर्यंत सुमारे १ लाख ६२ हजार कैदी त्या खंडात पाठवण्यात आले. त्यांत लंडनचे गरीब होते, इंग्लंडच्या परगण्यांतले शेतमजूर होते, आयरिश होते. प्रत्येकाची ढब निराळी. पण त्यांच्या मुलांनी काय केले? लहान मूल बोलण्याची ढब आईबापांपेक्षा खेळगड्यांकडून अधिक घेते. ही मुले एकत्र खेळली, आणि सगळ्यांच्या बोलण्यातले अवघड कोपरे घासून त्यांनी एक नवी ढब तयार केली. ऑस्ट्रेलियन माणसाचा 'डे' आमच्या कानाला 'डाय'सारखा लागतो, तो त्यांचाच वारसा.

न्यूझीलंडमध्ये तर हे घडताना जणू ऐकता येते. १८४० च्या वायटांगीच्या तहानंतर तेथे गोऱ्यांची मोठी वस्ती झाली. १९४६ ते १९४८ या काळात तिथल्या नभोवाणीची एक ध्वनिमुद्रणाची गाडी गावोगाव फिरली आणि तिने वृद्धांच्या आठवणी तबकड्यांवर घेतल्या. हे वृद्ध म्हणजे त्या देशात जन्मलेल्या पहिल्या गोऱ्या मुलांपैकी. पुढे क्राइस्टचर्चच्या कॅंटरबरी विद्यापीठातील अभ्यासकांनी त्या मुद्रणांवर वर्षानुवर्षे काम केले. तेव्हा असे दिसले की, ॲरोटाउनसारख्या सोन्याच्या खाणीवरच्या सरमिसळ गावात एकाच काळी वाढलेली माणसे परस्परांहून भिन्न बोलत; कोणी स्कॉटिश अंश घेतलेला, कोणी इंग्रजी, कोणी दोन्ही. पुढच्या पिढ्यांत हे भेद मिटून एक न्यूझीलंडी ढब सिद्ध झाली, जिच्यात 'फिश'चे जवळजवळ 'फश' होते आणि 'पेन' 'पिन'सारखे लागते. दक्षिण टोकाच्या साउथलंड भागात मात्र स्कॉटिश वसाहतवाल्यांचा 'र' अजून टिकून आहे.

वेस्ट इंडीज बेटांवर पश्चिम आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांनी मळेवाल्यांची इंग्रजी घेतली आणि तिला आपला ताल दिला. बार्बाडोसमधला माणूस 'र' पुरता उच्चारतो. जमैकातला 'थ'च्या जागी 'ट' आणि 'द'च्या जागी 'ड' वापरतो. दोघेही एकाच क्रिकेट संघातून खेळत आले, आणि तरी तोंड उघडताच कोण कोणत्या बेटाचा हे त्यांच्या गाववाल्यांना कळते.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. ढब ही जिभेचा आळस नव्हे, की अज्ञानाची खूण नव्हे. कोण माणसे कोठून कोठे गेली, कोणी नेली, कोणाबरोबर राबली आणि कोणाबरोबर खेळली, याची ती नोंदवही आहे.

मग 'शुद्ध' इंग्रजी उच्चार म्हणून जे सांगतात ते कोठून आले? एकोणिसाव्या शतकात ईटन, हॅरो, विंचेस्टर अशा निवासी शाळांत श्रीमंतांची मुले देशभरातून गोळा होत. या शाळांना तेथे पब्लिक स्कूल म्हणतात, जरी सामान्य पब्लिकला त्यांचे दार बंद असे. तेथे गावची ढब पुसली जाऊन वर्गाची ढब चढे. डॅनियल जोन्स या ध्वनिशास्त्रज्ञाने १९१७ मध्ये आपला उच्चारकोश काढला तेव्हा या ढबीला सरळ 'पब्लिक स्कूल उच्चार' असेच नाव दिले होते. १९२६ मध्ये त्याने 'रिसीव्ह्ड प्रोनन्सिएशन', म्हणजे मान्य उच्चार, हे नाव घेतले. तो शब्दप्रयोग ॲलेक्झांडर एलिस याने १८६९ मध्येच वापरला होता. मान्य, पण कोणाला मान्य? ज्यांच्या दिवाणखान्यात प्रवेश हवा त्यांना मान्य. १९७० च्या दशकात पीटर ट्रडगिल या भाषाशास्त्रज्ञाने असा अंदाज दिला की, इंग्लंडमध्ये ही ढब बोलणारे शंभरात तीनच आहेत. ज्या मापाला शंभरातले सत्त्याण्णव इंग्रज उतरत नाहीत, त्या मापाने आपण आपली मुले मोजतो!

हे माप घरोघर नेले बी.बी.सी.ने. १९२६ मध्ये तिने शब्दांचे उच्चार ठरवण्यासाठी एक सल्लागार समिती नेमली. गंमत अशी की, त्या वेळी संस्थेचे प्रमुख जॉन रीथ हे स्कॉटिश, आणि पुढे समितीचे अध्यक्ष झालेले बर्नार्ड शॉ हे डब्लिनचे आयरिश. १९४१ मध्ये, महायुद्ध ऐन भरात असताना, यॉर्कशायरच्या हॅलिफॅक्सचा विल्फ्रेड पिकल्स बातम्या वाचू लागला. त्याने आपली ढब लपवली नाही. उत्तरेकडच्या श्रोत्यांना तो 'गुड नाइट' ऐवजी 'गुड नीट' म्हणे. त्यावर तक्रारींची पत्रे आली. बातमी तीच, शब्द तेच. पण ती कामकऱ्यांच्या ढबीत आली म्हणून लोकांना तिचे वजन कमी वाटले.

याच शॉ यांनी ढबीच्या या प्रतापावर 'पिग्मॅलियन' नाटक लिहिले. ते १९१३ मध्ये प्रथम रंगभूमीवर आले. फुले विकणारी एक गरीब मुलगी, तिचे उच्चार तेवढे बदलले की उच्चभ्रूंच्या मेजवानीत खपून जाते. पु. ल. देशपांडे यांनी १९७५ मध्ये त्याचे 'ती फुलराणी' केले, आणि मराठी प्रेक्षकाला ते परके वाटले नाही. वाटणार कसे? 'न' आणि 'ण' वरून माणसाची जात-पात, गाव-शीव काढण्याचा उद्योग आपल्याकडे काही कमी चाललेला नाही.

ढबीचा आणि पोटापाण्याचा संबंध किती जवळचा आहे, हे न्यू यॉर्कमध्ये विल्यम लबॉव्ह यांनी १९६२ मध्ये दाखवून दिले. त्यांनी तीन मोठी दुकाने निवडली : श्रीमंतांचे सॅक्स, मध्यमवर्गाचे मेसीज आणि स्वस्ताईचे क्लाइन. चौथ्या मजल्यावर मिळणारी एखादी वस्तू कोठे आहे, असे ते विक्रेत्यांना विचारत, म्हणजे 'फोर्थ फ्लोअर' हे उत्तर यायचेच. त्यात 'र' उमटतो की नाही, एवढेच ते टिपत. न्यू यॉर्कच्या जुन्या ढबीत 'र' नसे. पण दुसऱ्या महायुद्धानंतर 'र' उच्चारणे प्रतिष्ठेचे ठरू लागले होते. २६४ नोकरांची नोंद झाली. थोडाफार किंवा पुरता 'र' उच्चारणारे सॅक्समध्ये शेकडा ६२, मेसीजमध्ये ५१ आणि क्लाइनमध्ये २० निघाले. आता ध्यानात घ्या, हे तिन्हीकडचे लोक नोकरच. सॅक्समधला विक्रेता काही श्रीमंत नव्हे. पण गिऱ्हाइकाची प्रतिष्ठा नोकराच्या जिभेवर येऊन बसते. आणि ज्या 'र'च्या अभावी इंग्लंडात माणूस मोठा ठरतो, त्याच 'र'च्या अभावी न्यू यॉर्कमध्ये तो लहान ठरतो. यापरते त्या मापाचे पोकळपण ते कोणते?

कोणी म्हणेल, काही ढबी मुळातच कानाला गोड असतात आणि काही कर्कश. याचीही परीक्षा झालेली आहे. ग्रीसमध्ये अथेन्सची ढब प्रतिष्ठित मानतात आणि क्रीट बेटाची गावंढळ. १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, ग्रीक भाषेचा गंधही नसलेल्या ब्रिटिश विद्यार्थ्यांना दोन्ही ढबी ऐकवल्या. त्यांना अथेन्सची ढब अधिक गोड वाटली नाही. म्हणजे गोडवा आवाजात नव्हता. ती ढब कोणाची आहे, हे माहीत असण्यात होता.

आणि या कानांच्या खोडीची किंमत कोणाला तरी मोजावी लागते. अमेरिकेत जॉन बॉ या कृष्णवर्णीय भाषाशास्त्रज्ञाने सान फ्रान्सिस्कोच्या परिसरात भाड्याच्या घरांसाठी घरमालकांना टेलिफोन केले. वाक्य तेच, पण कधी कृष्णवर्णीयांच्या ढबीत, कधी मेक्सिकन वंशाच्या लोकांच्या, कधी प्रतिष्ठित ढबीत. १९९९ मध्ये या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गोऱ्यांची वस्ती अधिक असलेल्या भागांत पहिल्या दोन ढबींना घर पाहायला येण्याचे बोलावणे कमी मिळाले. चेहरा दिसला नव्हता, नाव-गाव विचारले नव्हते. आवाजावरूनच दार लागले.

याउलट ज्यांनी आपली ढब सोडली नाही अशांपैकी एकाचे नाव आम्हां संघटनेच्या लोकांना विशेष प्रिय आहे. अर्नेस्ट बेव्हिन १८८१ मध्ये सॉमरसेटच्या एका खेड्यात जन्मला. अकराव्या वर्षी शाळा सुटली. ब्रिस्टलमध्ये त्याने गाडी हाकली. १९२० मध्ये गोदी कामगारांच्या पगाराच्या चौकशीत त्याने त्यांची बाजू मांडली. मालकांच्या बाजूच्या प्राध्यापकाने सांगितलेल्या खर्चात मजुराच्या वाट्याला केवढे अन्न येते, ते त्याने ताटांत मांडून न्यायासनापुढे ठेवले. तेव्हापासून तो गोदी कामगारांचा बॅरिस्टर म्हणून ओळखला जाऊ लागला. १९४५ मध्ये तो ब्रिटनचा परराष्ट्रमंत्री झाला, आणि जगाच्या मुत्सद्द्यांशी तो त्याच पश्चिमेकडच्या खेडवळ ढबीत बोलला. त्याचे म्हणणे कोणाला कळले नाही, असे काही घडले नाही.

आणि मापाची मालकीण तरी मापाला धरून राहिली काय? जोनाथन हॅरिंग्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राणी एलिझाबेथची नाताळची भाषणे तपासली आणि २००० मध्ये दाखवून दिले की, १९५० च्या दशकापासून १९८० च्या दशकापर्यंत खुद्द राणीचे स्वर तिच्या सामान्य प्रजेच्या बाजूला सरकले होते. राणीची इंग्रजी म्हणून ज्याचा दाखला देतात, ती राणीही जन्मभर बोलली नाही.

आता आपल्या दाराशी येऊ. आपल्याला इंग्रजी शिकवली कोणी? मुंबईत १८२९ मध्ये आलेले जॉन विल्सन स्कॉटिश. जोतीराव फुले पुण्यात ज्या मिशनच्या शाळेत शिकले तीही स्कॉटिशच. १८१३ मध्ये मुंबईत आणि १८३१ मध्ये अहमदनगरला ज्यांनी ठाणे केले ते मिशनरी अमेरिकन. मुंबईच्या कापडगिरण्यांत सुरुवातीच्या काळात अनेक मास्तर आणि इंजिनियर लँकेशायरहून आले. त्या लँकेशायरच्या मागांच्या गोंगाटात कामगार ओठ मोठे हलवून, आवाजावाचून बोलत. त्याला ते 'मी-मॉइंग' म्हणत. लंडनच्या दिवाणखान्यात या मास्तरांच्या बोलण्याला नाके मुरडली असती. पण गिरणगावात तो साहेबच होता. आणि २०११ च्या जनगणनेत इंग्रजी हीच मातृभाषा म्हणून सांगणारे अडीच लाखांहून अधिक भारतीय निघाले. त्यांत सर्वाधिक, एक लाखाहून जास्त, आपल्या महाराष्ट्रातले. जन्मजात इंग्रजी बोलणाऱ्यांच्या यादीत मुंबईचीही एक ढब आहे, ही गोष्ट आपण विसरतो.

हे सगळे सांगण्याचे कारण असे. पुण्या-मुंबईत रात्रपाळीला बसून परदेशातल्या गिऱ्हाइकांचे फोन घेणारी हजारो मुले-मुली आहेत. त्यांतली काही आमच्याकडे सल्ल्याला येतात. भरतीच्या वेळी त्यांचे गुण कापले जातात, आणि कारणाच्या रकान्यात तीन शब्द असतात : 'मदर टंग इन्फ्लुअन्स', म्हणजे आईच्या भाषेची छाया. अलीकडे तर बोलता बोलता माणसाची ढब बदलून पलीकडे ऐकवणारी संगणकी यंत्रणाही आली आहे. ग्लासगोच्या माणसावर त्याच्या आईच्या भाषेची छाया असते, अलाबामाच्या माणसावर असते. ती तेवढी साताऱ्याच्या मुलीच्या पगारातून कापायची, हा हिशेब आम्हांला पटत नाही.

आमचे म्हणणे उच्चारांकडे दुर्लक्ष करावे असे मुळीच नाही. बोललेले समोरच्याला कळले पाहिजे; त्यासाठी सावकाश बोलावे, शब्दातला जोर योग्य अक्षरावर द्यावा, आकडे आणि नावे स्पष्ट सांगावीत. हे शिकवा, याचे गुण द्या, आणि यात चुकले तर कापाही. परंतु कळणे ही दोघांची जबाबदारी आहे. न्यूझीलंडचा माणूस 'फश' म्हणतो तेव्हा आपण कान देऊन समजून घेतो. तेवढाच कान त्याने आपल्याला द्यावा, एवढीच मागणी. शिक्षकांनी वर्गात एकाच तबकडीचा उच्चार न ऐकवता डब्लिन, ग्लासगो, किंग्स्टन, सिडनी येथली माणसे कशी बोलतात ते मुलांना ऐकवावे. मुलाखत घेणाऱ्यांनी उमेदवाराचे म्हणणे कळले की नाही, एवढे विचारावे. आणि ज्या कार्यकर्त्याला दोन वाक्ये सांगायची आहेत त्याने उभे राहून ती सांगावीत.